मोटारगाड्यांची खास बांधणी
मोटारगाडीचा यांत्रिक सांगाडा एका कारखान्याकडून विकत घेऊन त्यावर ग्राहकाच्या पसंतीनुसार दुसऱ्या कारखान्यात हातकामाने बॉडी बांधून घेण्याच्या पद्धतीस खास बांधणी म्हणतात. मोटारगाडीच्या आरंभकाळापासून ही पद्धत प्रचारात होती. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यानच्या वीस वर्षांत, विशेषतः फ्रान्स, इंग्लंड, इटली व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांत, तिचा परमोत्कर्ष झाला. या काळातील आलिशान मोटारींकडे पुष्कळदा केवळ श्रीमंतांच्या हौसेचा विषय म्हणून पाहिले जाते. परंतु वजनाने हलकी बॉडी, वाऱ्याचा विरोध कमी करणारा आकार, घडी होणारे धातूचे छत, वक्र काच इ. अनेक कल्पनांची प्रत्यक्ष परीक्षा प्रथम या कारखान्यांतच झाली. मोटारीची बॉडी व सांगाडा जोपर्यंत वेगळे होते तोपर्यंतच हे प्रयोग शक्य होते. ते दोन्ही एकजीव होऊ लागताच या व्यवसायाचा पाया नाहीसा झाला.

सांगाडा व बॉडी : एंजिन, गिअरपेटी, आस, चाके, कमानी, सुकाणू यंत्रणा व गतिरोधक हे सर्व भाग बसविलेल्या पोलादी चौकटीस चासी असे म्हणतात. चासी स्वतःच्या बळावर चालू शकते; बॉडीचा तिच्या ताकदीशी फारसा संबंध नसतो. महाराष्ट्रातील मालमोटारींच्या, तसेच राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांच्या बाबतीत ही पद्धत वाचकांच्या परिचयाची आहे. बसची चासी मोटार कारखान्याकडून येते आणि तिच्यावरील बॉडी महामंडळाच्या दापोडीसारख्या कार्यशाळेत बांधली जाते. युद्धपूर्व आलिशान मोटारींच्या व्यवहारातही हेच तत्त्व होते.

रोल्स-रॉइस या ब्रिटिश कंपनीने दुसऱ्या महायुद्धापर्यंत आपल्या मोटारी फक्त चासीच्या रूपातच विकल्या. अमेरिकेत १९२८ च्या अखेरीस दाखल झालेल्या ड्यूसेनबर्ग 'जे' या मोटारीच्या नुसत्या चासीची किंमत प्रारंभी ८,५०० डॉलर होती. तिच्या ६·९ लिटरच्या आठ सिलिंडरी एंजिनाची शक्ती २६५ अश्वशक्ती असल्याचे उत्पादक सांगत. बॉडीचा खर्च ग्राहकास वेगळा करावा लागे. बॉडी बांधणारा कारखाना प्रथम लहान प्रमाणावरील रंगीत चित्र काढून ग्राहकाची संमती घेई. नंतर पूर्ण आकाराचा आराखडा भिंतीवर किंवा मोठ्या फळ्यावर काढला जाई आणि त्यावरून सुतार व पत्रेकाम करणारे कारागीर कामास लागत. एकाच प्रकारच्या चासीवर त्यामुळे राजेशाही बंद गाडी, उघडी सहलीची गाडी किंवा शर्यतीची दोन आसनी गाडी, यांपैकी काहीही उभे राहू शकत असे.

पूर्वपीठिका : या कारखान्यांपैकी कित्येक मुळात घोडागाड्या बांधणारे होते. लंडनमधील बार्कर हा कारखाना अठराव्या शतकाच्या प्रारंभापासूनचा, तर हूपर हा एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनचा होता. घोडागाड्यांच्या प्रकारांची फेटन, लँडो, ब्रूम ही नावे त्यामुळेच मोटारींनाही मिळाली. या परंपरेबरोबर कामाची पद्धतही आली. ॲश जातीच्या चिवट लाकडाची चौकट तयार करून तिच्यावर ॲल्युमिनियमाचा किंवा पोलादाचा पत्रा ठोकून बसवीत. पत्र्याला दोन्ही दिशांनी गोलाई आणण्यासाठी तो हातोडीने ठोकीत व दोन रुळांमधून पुनःपुन्हा फिरवीत. त्यानंतर रंग व वार्निश यांचे अनेक थर देऊन प्रत्येक थर घासला जाई.

या बांधणीत दिमाख असला, तरी तिच्यात दोषही होते. घोड्याच्या गतीसाठी योग्य असलेली लाकडी चौकट मोटारीच्या वेगाने व धक्क्यांनी सैल होई; सांध्यांतून करकर आवाज येई, पत्र्याला भेगा पडत आणि ओलाव्याने लाकूड कुजे. शिवाय मोठी बंद बॉडी इतकी जड होई की, एंजिनाची बरीचशी शक्ती तिलाच ओढण्यात खर्ची पडे. त्यामुळे बॉडीबांधणीतील नवे प्रयत्न मुख्यतः दोन दिशांनी झाले : एक वजन व आवाज कमी करण्याचा आणि दुसरा आकार सुधारण्याचा. दोन्हींत विमानविद्येचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

हलकी बांधणी : शार्ल वेमान (१८८९–१९७६) या वैमानिकाने १९२० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत पॅरिसमध्ये एक नवी पद्धत प्रचारात आणली. तिच्यात लाकडाचे तुकडे एकमेकांना टेकू न देता पोलादी पट्ट्यांनी जोडीत आणि सांध्यात थोडी फट ठेवीत. चौकटीवर पत्र्याऐवजी चामड्यासारखे दिसणारे लेपित कापड ताणून बसवीत. चासीला पीळ बसला की बॉडीही तिच्याबरोबर थोडी लवचिकपणे हले. त्यामुळे करकर थांबली व वजनातही मोठी घट झाली. अनेक देशांतील कारखान्यांनी या पद्धतीचे परवाने घेतले. तथापि कापड लवकर जुने दिसे आणि त्यावर दुहेरी गोलाई आणता येत नसे. चकचकीत व गोलाईदार पत्र्याची आवड वाढली, तशी १९३० नंतर ही पद्धत मागे पडली.

इस्पानो-स्विझा 'एच ६ सी' या चासीवर आंद्रे दुबोने (१८९७–१९८०) या फ्रेंच वैमानिक व शर्यतपटूने १९२४ मध्ये बांधून घेतलेली गाडी हा याहून धाडसी प्रयोग होता. विमाने बनविणाऱ्या न्यूपोर कारखान्याने लाकडाच्या पातळ पट्ट्या हजारो रिव्हेटांनी जोडून तिची नौकेसारखी बॉडी तयार केली. ही गाडी सिसिलीमधील 'तार्गा फ्लोरिओ' या अवघड डोंगरी शर्यतीत उतरली व तिने ती पूर्णही केली.

वेमान पद्धतीतून पुढची पायरी इटलीत गाठली गेली. मिलान येथे १९२६ मध्ये स्थापन झालेल्या टूरिंग या कारखान्याकडे वेमान पद्धतीचा परवाना होता. फेलिचे बिआंकी आंदेर्लोनी यांच्या नेतृत्वाखाली तेथे लाकूड व कापड हे दोन्ही वर्ज्य करून बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर पातळ ॲल्युमिनियमाचा पत्रा अशी रचना विकसित झाली. १९३६-३७ च्या सुमारास पुढे आलेल्या या पद्धतीस 'सुपरलेजेरा' म्हणजे 'अतिशय हलकी' असे नाव देण्यात आले. आल्फा रोमेओच्या '८ सी २९०० बी' या चासीवर टूरिंगने बांधलेल्या गाड्या दिसण्यात डौलदार होत्याच, पण त्यांचा डौल रचनेतून आलेला होता. इटलीतील 'मिल्ले मिल्या' ही शर्यत १९४० मध्ये जिंकणाऱ्या बी.एम.डब्ल्यू. ३२८ या बंद गाडीची बॉडी टूरिंगचीच होती. केवळ दोन लिटरच्या एंजिनावर मिळालेला हा विजय हलकी बांधणी व योग्य आकार यांचे महत्त्व सिद्ध करणारा ठरला.

प्रवाहरेखित आकार : वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग दुप्पट झाल्यास हा विरोध चौपट होतो [⟶ वायुगतिकी]. एडमुंड रुंप्लर (१८७२–१९४०) या विमान अभियंत्याने १९२१ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात थेंबाच्या आकाराची मोटारगाडी मांडली होती. झेपेलिन विमाननौकांच्या कारखान्यात काम केलेल्या पाउल यारे (१८८९–१९७४) यांनी त्याच सुमारास प्रवाहरेखित मोटारबॉडीचे एकस्व मागितले. दोघांचे शास्त्र बरोबर होते, मात्र त्यांचे आकार ग्राहकांना विचित्र वाटले. अमेरिकेत क्राइस्लर कंपनीने १९३४ मध्ये मोठ्या प्रमाणावर विक्रीस आणलेल्या 'एअरफ्लो' या प्रवाहरेखित मोटारीसही बाजारात अपयश आले. नवा आकार लोकांना केवळ योग्य नव्हे, तर हवाहवासा वाटावा, हे काम बॉडीबांधणी करणाऱ्यांनी केले.

यात पॅरिसच्या परिसरातील फिगोनी ए फालास्की या कारखान्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मूळचे इटालियन असलेले जोझेफ फिगोनी यांना १९३५ मध्ये ओव्हिदिओ फालास्की हे भागीदार मिळाले. १९३६ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी देलाए १३५ या चासीवरील उघडी गाडी मांडली. तिची चारही चाके फुगीर, थेंबासारख्या मडगार्डांनी पूर्णपणे झाकलेली होती. त्यापूर्वी मडगार्ड म्हणजे बॉडीला जोडलेला वेगळा भाग असे. येथे तो बॉडीच्या एकूण आकारातच विलीन होऊ लागला. ताल्बो-लागो 'टी १५० सी एसएस' या चासीवर १९३७ पासून त्यांनी बांधलेल्या लहान बंद गाड्या 'गुत दो' म्हणजे 'पाण्याचा थेंब' या नावाने प्रसिद्ध झाल्या. १९३८ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ताल्बो टी १५० जातीची बंद गाडी तिसरी आली. असे असले, तरी या कारखान्याचे आकार प्रामुख्याने नजरेच्या व हाताच्या अंदाजाने ठरत. पुढची झाकलेली चाके वळविण्यासाठी मडगार्ड बरेच रुंद करावे लागत. गतिरोधकांना वारा कमी मिळे आणि चाक बदलणे त्रासाचे होई. प्रवाहरेखन येथे काही अंशी शास्त्र व काही अंशी अलंकार होते, असे म्हणणे योग्य ठरेल.

बुगाटी कारखान्याने बॉडीबांधणीचे काम मोलशेम येथे स्वतःकडेच ठेवले होते. संस्थापकांचे पुत्र झां बुगाटी (१९०९–३९) यांनी १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी 'एरोलित' ही गाडी तयार केली. तिच्यासाठी इलेक्ट्रॉन ही मॅग्नेशियमची मिश्रधातू निवडण्यात आली होती. या धातूचे वितळजोडकाम अवघड व धोक्याचे असल्याने बॉडीचे दोन अर्ध मधोमध उभ्या कडा ठेवून रिव्हेटांनी जोडण्यात आले. तीवरून १९३६–३८ दरम्यान तयार झालेल्या चार 'अटलांटिक' गाड्या ॲल्युमिनियमाच्या असल्याने त्यांना अशा सांध्याची गरज नव्हती. तरीही तो उभा कणा कायम ठेवण्यात आला. गरजेतून जन्मलेला भाग पुढे शैलीचे चिन्ह कसा होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. झां बुगाटी यांचा ऑगस्ट १९३९ मध्ये मोलशेमजवळ मोटारीची चाचणी घेताना अपघाती मृत्यू झाला. चार अटलांटिकांपैकी त्यांची स्वतःची काळी गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत नाहीशी झाली.

झॉर्झ पोलां (१९०२–४२) : या काळातील सर्वांत कल्पक आकारकारांपैकी एक असलेले पोलां हे व्यवसायाने दंतवैद्य होते. उघड्या गाडीचा कापडी टप थंडीपावसात गैरसोयीचा होतो, हे लक्षात घेऊन त्यांनी धातूचे संपूर्ण छत मागील पेटीत सरकविण्याची 'एक्लिप्स' ही योजना तयार केली व तिचे एकस्व घेतले. मार्सेल पुर्तू यांच्या कारखान्याने १९३४ पासून प्यूजो मोटारींवर असे छत बसविले. साठ-सत्तर वर्षांनी अनेक कारखान्यांनी आपल्या नेहमीच्या मोटारींत हीच कल्पना पुन्हा आणली.

पोलां यांची दुसरी महत्त्वाची कृती म्हणजे आंद्रे एंबिरिकॉस या ग्राहकासाठी १९३८ मध्ये सव्वाचार लिटरच्या बेंटली चासीवर पुर्तू यांनी बांधलेली बंद गाडी. बेंटलीचे उंच, उभे रेडिएटर बाजूला सारून त्यांनी तिला सलग उतरते नाक व पाठ दिली. १९३९ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलंड्झ येथील धावपट्टीवर या गाडीने एका तासात ११४ मैलांहून अधिक (सु. १८४ किमी.) अंतर तोडले. दहा वर्षे वापरात राहिल्यावर १९४९ साली ल मां येथील शर्यतीत ती सहावी आली. आकार बदलल्याने त्याच यंत्राकडून किती अधिक काम घेता येते, याचा हा लेखी पुरावाच होता.

जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यानंतर पोलां यांनी ब्रिटिशांसाठी गुप्त माहिती मिळविण्याचे कार्य पतकरले. मार्च १९४२ मध्ये त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्याच वेळी झाक केल्नर या पॅरिसमधील जुन्या व नामांकित बॉडीबांधणी कारखान्याच्या मालकांनाही हीच शिक्षा भोगावी लागली. फ्रेंच मोटारबांधणीची युद्धात झालेली हानी केवळ कारखान्यांची नव्हती.

दुबोने यांनी १९३८ मध्ये बांधून घेतलेली व आपल्या दिवंगत पत्नीचे नाव दिलेली 'झेनिया' ही गाडी या फ्रेंच प्रयोगांचा जणू समारोप होय. झां आंद्रो या अभियंत्याने तिचा आकार ठरविला व झाक साउचिक यांच्या कारखान्याने ती बांधली. तीत दुबोने यांनी स्वतः योजलेली पुढील चाकांची स्वतंत्र कमानयोजना, विमानाच्या कोठीसारखी वक्र काच आणि बॉडीला समांतर सरकत मागे जाणारी दारे होती.

अमेरिकेतील वळण : अमेरिकेत मर्फी, रॉलस्टन इ. कारखान्यांनी ड्यूसेनबर्गसारख्या चासींवर उत्कृष्ट कामे केली. न्यूयॉर्कमधील लबॅरन या संस्थेने तर १९२० मध्ये कार्यशाळेविनाच, केवळ आकार रेखाटून देणारे कार्यालय म्हणून प्रारंभ केला. आकार ठरविणे हा बांधणीपासून वेगळा व्यवसाय होऊ शकतो, हे त्यामुळे दिसून आले. या जाणिवेचा सर्वांत मोठा उपयोग जनरल मोटर्सने करून घेतला. लॉस अँजेल्समधील कौटुंबिक बॉडीबांधणी कारखान्यात तयार झालेले हार्ली अर्ल (१८९३–१९६९) यांनी या कंपनीसाठी १९२७ ची लसाल मोटार घडविली. लगेच कंपनीने त्यांच्या हाताखाली आकार व रंग ठरविणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. मातीचे पूर्णाकृती नमुने बनवून आकार ठरविण्याची पद्धत अर्ल यांनी येथे रुळविली. एका श्रीमंत ग्राहकासाठी चालणारी कल्पकता अशा रीतीने लाखो मोटारींच्या उत्पादनाला जोडली गेली आणि त्याच प्रमाणात खास बांधणीची गरज कमी झाली.

भारतीय संस्थानिक : या कारखान्यांच्या ग्राहकांत भारतीय संस्थानिक मोठ्या संख्येने होते. त्यांतील अनेकांचा भर सोन्याचांदीच्या नक्षीवर असला, तरी काहींची आवड निश्चितच आधुनिक होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) (१९०८–६१) हे याचे ठळक उदाहरण होय. एकार्ट मुटेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा आधुनिक शैलीत बांधून घेणाऱ्या या मराठी राजाने ड्यूसेनबर्गच्या संपीडकयुक्त 'एसजे' चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून उघडी बॉडी बांधवून घेतली. नारिंगी व काळ्या रंगांतील ही लांबलचक गाडी एंजिन अमेरिकन, कारागिरी ब्रिटिश व अभिरुची भारतीय ग्राहकाची अशा त्रिवेणी संगमाचे फळ होती. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ मध्ये लंडनच्या थ्रप अँड मेबर्ली या कारखान्याने रोल्स-रॉइस फँटम २ चासीवर बांधलेली 'स्टार ऑफ इंडिया' ही गाडीही विख्यात आहे. स्वातंत्र्यानंतर संस्थानांचे विलीनीकरण झाले आणि यांपैकी अनेक गाड्या परदेशी संग्राहकांकडे गेल्या.

ऱ्हास : खास बांधणीच्या ऱ्हासाचे कारण केवळ १९२९ नंतरची आर्थिक मंदी हे नव्हते. अमेरिकेत एडवर्ड बड (१८७०–१९४६) यांनी दाबयंत्रांनी घडविलेल्या पत्र्यांची संपूर्ण पोलादी बॉडी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास यशस्वी केली होती. सीत्रोएन कंपनीने ती १९२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये आणली. अशा बॉडीच्या साच्यांना अफाट खर्च येई. पण एकदा साचे तयार झाले की, प्रत्येक बॉडी अल्प वेळात व अल्प किंमतीत तयार होई. १९२२ मध्ये लान्चा कंपनीने 'लांब्दा' या मोटारीत बॉडीलाच भार पेलण्याचे काम दिले. १९३४ च्या सीत्रोएन 'त्राक्सिओं आव्हां' मोटारीत तर पोलादी बॉडी हीच चौकट झाली. जेथे वेगळी चासीच नाही, तेथे बॉडी बांधणाऱ्याला काम उरत नाही. गाडी हलकी, ताठ व बिनआवाजी करावी, हे त्याचेच उद्दिष्ट या रचनेने अधिक पूर्णपणे साधले होते.

युद्धानंतर फ्रान्समध्ये मोठ्या एंजिनांवर जबर कर बसले. देलाए कंपनी १९५४ मध्ये हॉचकिसमध्ये विलीन झाली व साउचिक यांचा कारखाना १९५५ मध्ये बंद पडला. इंग्लंडमध्ये बार्कर १९३८ मध्येच हूपरकडे गेला होता. १९५९ मध्ये हूपरनेही बॉडीबांधणी थांबविली. पार्क वॉर्ड (१९३९) व एच. जे. मलिनर (१९५९) हे कारखाने रोल्स-रॉइसने विकत घेतले आणि १९६५ मध्ये तिच्या नव्या मोटारीतही वेगळी चासी राहिली नाही. इटलीतील काही कारखाने मात्र मोठ्या उत्पादकांसाठी आकार ठरविण्याचे काम पतकरून तगले. बात्तिस्ता पिनिन फारिना (१८९३–१९६६) यांच्या कारखान्याने १९४७ मध्ये सादर केलेली 'चिसितालिया २०२' ही गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये प्रदर्शित केली. मडगार्ड, बॉडी व दिवे यांचा एकच सलग आकार करण्याचे युद्धपूर्व प्रयत्न तिच्यात पूर्णत्वास गेलेले दिसतात.

जतन व मूल्यमापन : बॉडी वेगळी करता येत असल्यामुळे जुन्या बॉडी काढून नव्या बसविण्याची प्रथा त्या काळीही होती. एखादी बंद गाडी जुनाट वाटू लागली की, तिची बॉडी टाकून तीच चासी पुन्हा वापरीत. मालमोटार किंवा रुग्णवाहिका म्हणून राबलेल्या आलिशान चासीही थोड्या नाहीत. पुढे या गाड्यांना संग्राहकांत मोठी किंमत येऊ लागली, तेव्हा उलट दिशेनेही फेरफार झाले. साध्या बंद बॉडी उतरवून त्यांच्या जागी प्रसिद्ध उघड्या गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती चढविण्यात आल्या. त्यामुळे चासी अस्सल, पण बॉडी अलीकडची, अशा गाड्या निर्माण झाल्या असून अस्सलपणाचा प्रश्न या क्षेत्रात कळीचा ठरला आहे. नव्याने रंगवून झगमगीत केलेल्या गाडीतून मूळच्या कारागिराने सांधा कसा साधला, रंगाचे थर कसे दिले, चामडे कसे शिवले, ही माहिती कायमची नाहीशी होते. हे ओळखून विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक प्रदर्शनांत मूळ स्थितीत टिकलेल्या गाड्यांना स्वतंत्र मान मिळू लागला.

या गाड्यांची संख्या थोडी आणि त्यांचे ग्राहक मूठभर असले, तरी त्यांच्यातील कल्पनांचा लाभ पुढे सामान्य मोटारमालकाला मिळाला. वाऱ्याला वाट देणारे उतरते छत, बॉडीत सामावलेले मडगार्ड व हलका पण मजबूत पिंजरा यांचे मूळ शोधू गेल्यास ते पुष्कळदा एखाद्या लहान कार्यशाळेतील पूर्णाकृती आराखड्यापर्यंत व पत्रा ठोकणाऱ्या अनाम कारागिरापर्यंत जाऊन पोहोचते.